बावन्न मिनिटं आणि एक मिनिट पन्नास सेकंद

आमच्या कारखान्यातलं मोठं मशीन सुरू व्हायला बावन्न मिनिटं लागत. हे मी अंदाजानं सांगत नाही. नऊ वर्षं रोज सकाळी मीच ते सुरू करत होते आणि वहीत वेळ लिहीत होते. कधी एक्कावन्न, कधी त्रेपन्न, पावसाळ्यात वीज येऊन-जाऊन करत असली तर सत्तरसुद्धा. पण नेहमीचा आकडा बावन्न.

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत शेतीचे पंप बनवणारा आमचा कारखाना. मालकांनी हा कॉम्प्युटर दुसऱ्या एका शहरातून जुना म्हणून घेतला होता. लोखंडी कपाटांसारखे त्याचे पाच भाग होते आणि त्याला एक अख्खी खोली लागे. सकाळी सव्वासहाला मी खोलीचं कुलूप काढायची. आधी दोन एसी सुरू. खोली बावीस अंशांवर उतरल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही असा नियम होता, आणि उन्हाळ्यात खोली उतरता उतरत नसे. मग स्टॅबिलायझर. मग डिस्कची पेटी, गव्हाच्या कोठीएवढी. तिच्यात ताटाएवढ्या तबकड्या फिरत. त्यांना पूर्ण वेग येऊन हिरवा दिवा लागेपर्यंत तेरा मिनिटं नुसतं बसायचं.

त्यानंतर कार्डं. बंद केलं की हे मशीन सगळं विसरून जाई. तू कोण, तुझं काम काय, हे त्याला रोज सकाळी नव्यानं सांगावं लागे. ते सांगणं भोकं पाडलेल्या जाड कागदाच्या कार्डांवर असे. गठ्ठा वाचण्याच्या यंत्रात ठेवायचा आणि कळ दाबायची. सगळी कार्डं एका दमात गेली तर ठीक. एखादं अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तारीख, वेळ आणि छापण्याचं यंत्र. साडेसातला पाळीच्या मुकादमांच्या हातात त्या दिवसाच्या कामाच्या चिठ्ठ्या पडल्या पाहिजेत. पडत.

या कामासाठी मी पावणेसहाला रामदासपेठेच्या कोपऱ्यावर कंपनीची पहिली बस पकडत असे. बसमध्ये सगळे पहिल्या पाळीचे कामगार, बाई मी एकटीच. घरी सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी आणि नवरा. नवरा शिक्षक, पण शाळा विनाअनुदानित. पगार झाला तर झाला. तेव्हा घर माझ्या नोकरीवर चालत होतं आणि त्याबद्दल आमच्याकडे कुणी तोंड वाकडं करत नसे, हे माझं भाग्यच. सासूबाई माझ्याआधी उठून डबा भरून ठेवत. कधी कौतुक केलं नाही, कधी डबा चुकवला नाही.

नोकरी मात्र हंगामी होती. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सहा महिन्यांच्या नेमणुकीचं पत्र मिळे. मुदत संपली की दोन दिवस घरी बसायचं आणि तिसऱ्या दिवशी नवं पत्र घेऊन त्याच खुर्चीवर यायचं. सलग नोकरी झाली तर कायम करावं लागतं, म्हणून मध्ये हा दोन दिवसांचा खंड. नऊ वर्षांत मी सतरा वेळा नोकरी सोडली आणि अठरा वेळा लागले. त्या दोन दिवसांत मशीन साहेब सुरू करत, आणि मी परतल्यावर म्हणत, "बाई, सुटलो एकदाचा."

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. माझ्याहून चार वर्षांनी लहान, हुशार, जरा घाईचे.

खोलीतले एसी सांभाळायला एक जण होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. सावनेरकडच्या खेड्यातले, पन्नाशी उलटलेले. घरी कापसाची शेती, ती भावांकडे. ते मला 'तू' म्हणत. साहेबांनाही 'तुम्ही' म्हणण्याचं त्यांना अर्ध्या वाक्यानंतर आठवे. हिरव्या दिव्याची वाट बघत आम्ही दोघं चहा प्यायचो.

"उठलं का नाई वं तुहं मशीन?" ते विचारत.

"तोंड धुऊन राहिलं, भाऊ."

"माह्या सासऱ्यावानी हाय. उठते, खोकलते, तंबाखूचा खर्रा घोटते, मंग बोलते."

घरी गेल्यावर स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. दिवसभरात बसून चहा पिण्याची माझी ती तेवढीच जागा. त्या तेरा मिनिटांबद्दल मी त्या मशीनची आभारी आहे. खरं तर तेवढ्याबद्दलच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका मे महिन्यात, साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक जाहिरातीचा कागद होता. टेबलावर मावेल एवढा कॉम्प्युटर, समोर छोट्या टीव्हीसारखा पडदा.

"बाई, हे आठ दिवसांसाठी येतंय. पसंत पडलं तर मालक घेणार. मोठं मशीन आणि हे, दोन्ही रोज सकाळी सुरू करायची. कळ दाबल्यापासून कामाला तयार होईपर्यंत किती वेळ, ते लिहायचं. आठव्या दिवशी मालक येतील, वही बघतील, निर्णय घेतील."

"लिहीन," मी म्हटलं. "याला एसी लागतो का?"

"नाही."

"सुरू करायला कुणी लवकर यायला लागतं?"

साहेब कागदाची घडी घालू लागले. "तोच तर फायदा आहे ना, बाई."

माणूस खोटं बोलत नव्हता, एवढं बरं वाटलं. माझी चालू मुदत जूनअखेर संपत होती. हे छोटं मशीन पसंत पडलं तर एकोणिसावं पत्र कशासाठी निघेल? नऊ वर्षं मी एकच गोष्ट करत होते. एका हट्टी यंत्राला रोज उठवत होते. ते यंत्रच गेलं की मी घरी. आणि दोन दिवसांचा खंड नव्हे, कायमचं घरी.

वेळ मोजायला साहेबांनी स्टॉपवॉच दिलं. हे घड्याळ सगळ्या कारखान्याच्या डोळ्यांत सलायचं. लेथवर एक भाग कापायला किती वेळ लागतो हे त्यावरच मोजत आणि त्यावरून कामाचा कोटा वाढवत. मी ते गळ्यात अडकवून आवारातून निघाले की कामगार ओरडत, "बाई, आज कोणाचा नंबर?"

"माझाच," मी म्हणायची. त्यांना ती थट्टा वाटे.

छोटं मशीन घेऊन पुण्याहून विक्रेत्यांचे एक इंजिनिअर आले. गोरे, सडपातळ, रुमालानं मान पुसून पुसून बेजार झालेले. मशीन त्यांनी हिशेब विभागाच्या हॉलमध्ये लावलं. तिथं एसी नव्हता. खिडकीत मोठा कूलर होता, नागपुरात असतो तसा: तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आणि समोर उभं राहिलं तर पदर उडेल असा वारा.

या मशीनलासुद्धा बंद केलं की काही आठवत नसे. पण त्याला आठवण द्यायला कार्डांचा गठ्ठा नव्हता. काळ्या चौकोनी पाकिटात एक पातळ चकती, तिला फ्लॉपी म्हणायचं. ती फटीत सरकवायची, बटण दाबायचं. लाल दिवा लागे, आत खर्र खर्र होई, पडद्यावर आकडे पळत आणि थांबत. मग एक छोटी चौकट लुकलुकायला लागे. झालं. सांगा काय करू.

पहिल्या दिवशी मी स्टॉपवॉच बंद केलं आणि दोनदा बघितलं. एक मिनिट पन्नास सेकंद.

"बघा," इंजिनिअर म्हणाले.

मी बघत होतेच. एवढ्या वेळात माझं मोठं मशीन एसीचा आवाज ऐकत बसलेलं असे.

ते त्या रात्रीच्या गाडीनं परत जाणार होते. जाताना त्यांनी फ्लॉप्यांचा डबा माझ्या हातात दिला. एक मूळ आणि एक तिचीच नक्कल, दोन्ही त्यात. म्हणाले, "वाकवायच्या नाहीत, बोटं लावायची नाहीत, लोहचुंबकाजवळ न्यायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे उष्णता. तुमच्याकडे फारच आहे. थंड जागी ठेवा."

आता मे महिन्यात नागपूरच्या माणसाला थंड जागा म्हणून सांगितली तर तो वस्तू कुठे ठेवील? दुधाची पिशवी, ताकाचं भांडं, दुपारचा डबा, तापलेलं मूल, सगळं आपण कूलरसमोर आणतो. मी एक स्टूल आणलं, कूलरच्या तोंडासमोर ठेवलं, त्यावर डबा ठेवला आणि वाऱ्याला अडथळा नको म्हणून डब्याचं झाकण काढून ठेवलं. वहीत लिहिलंसुद्धा: "फ्लॉप्या कूलरसमोर ठेवल्या." मला माझ्या व्यवस्थेचं समाधान वाटलं.

हॉलचे बडे बाबू, म्हणजे हिशेबाचे हेड क्लार्क, यांना मात्र वाटलं नाही. कूलरच्या थेट वाऱ्यात वीस वर्षं त्यांची खुर्ची होती. स्टूल बरोबर मध्ये आलं.

"बाई, या काळ्या पापडांना घाम येतो आणि आम्हांला येत नाही, असं आहे का?"

"आठ दिवस, बाबूजी."

"आठ दिवसांत मी उकडून निघेन. आणि हे आवडलं तर मग काय, उद्या आमच्याही खुर्च्या काढतील." त्यांनी खुर्ची सरकवली. "तुमची आधी, म्हणा."

त्यांना माझ्या परिस्थितीची पुरती कल्पना होती. सगळ्यांनाच होती.

दुसऱ्या दिवशी एक पन्नास. तिसऱ्या दिवशी एक पंचावन्न. चौथ्या दिवशी दोन मिनिटं दहा. पाचव्या दिवशी अडीच, आणि खर्र खर्र जरा जड ऐकू आलं. मी तेही लिहिलं: "आवाज जड." सहाव्या दिवशी तीन. सातव्या दिवशी तीन मिनिटं चाळीस. साहेबांना सांगितलं तर ते मालकांच्या भेटीच्या तयारीत होते. म्हणाले, "बावन्नसमोर तीन काय आणि दोन काय. उद्या इंजिनिअर येतायत, बघतील." मी वाद घातला नाही. इथे माझं मन स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. रोज तो आकडा वाढताना बघून मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. पण फक्त बरं वाटत होतं. हात मी लावला नव्हता.

आठव्या दिवशी दहा वाजता मालक येणार होते. नऊ वाजता इंजिनिअर आले. त्यांनी फ्लॉपी सरकवली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. आत कण्हल्यासारखा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की चकती वाचता येत नाही. त्यांनी नक्कल घातली. तेच. पुन्हा मूळ. पुन्हा नक्कल. वीस मिनिटं गेली.

"तिसरी नाही?" साहेबांनी विचारलं.

"पुण्यात आहे."

सगळा हॉल बघत होता. पंधरा माणसं, पंधराही पेनं थांबलेली. फक्त कूलर वाजत होता.

"या कुणाच्या ताब्यात होत्या?" इंजिनिअरनी विचारलं.

"बाईंच्या," बडे बाबू म्हणाले. आणि मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता बाईंची नोकरी त्या मोठ्या मशीनवर. समजून घ्या ना, साहेब. पोटाचा प्रश्न आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. 'तुम्ही केलंत का' असं त्यांनी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांना उत्तर नकोच होतं, असं मला वाटलं. माझे कान तापले. मी म्हटलं, "मी ठेवल्या होत्या. त्या तिथे, कूलरसमोर, रोज. हेच म्हणाले होते थंड जागी ठेवा."

इंजिनिअर कूलरकडे गेले. त्यांनी त्यापूर्वी कूलर नीट पाहिलाच नसावा. हात समोर धरला, मागे घेतला. "हे आतून पाणी टाकतं का?"

"पाण्यातून हवा घेते," कुणीतरी म्हणालं. "नाहीतर गार कशी होईल?"

त्यांनी काही म्हणायच्या आत दारातून भाऊ आले. मालकांची गाडी फाटकात दिसली तर कळवा, म्हणून साहेबांनी त्यांना बाहेर उभं केलं होतं. गाडी दिसली नव्हती. हॉलमधला आवाज बंद पडला म्हणून ते आत आले होते.

"काय झालं वं?"

"मशीन उठत नाही, भाऊ."

त्यांनी माझ्या हातातली फ्लॉपी घेतली. इंजिनिअर "अहो, बोटं..." म्हणेपर्यंत त्यांनी पाकिटाचा कोपरा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून हलकेच चोळला होता. कापूस बाजारात आडत्या असाच चिमूट घेऊन चोळतो, हे मी नंतर पाहिलं. तेव्हा मला ते फक्त धीट वाटलं.

"याले ओल लागली."

"कोरडी दिसतेय," साहेब म्हणाले.

"कापूसबी कोरडाच दिसते, साहेब. दिसाले कोरडा, हाताले ओला. याच्या आत कपडा हाय काय?"

इंजिनिअर चमकले. पाकिटाच्या आतून चकती पुसली जावी म्हणून खरोखरच कापडासारखा एक पातळ थर असतो, असं ते म्हणाले. तो ओला झाला तर चकती त्याला चिकटेल. फिरणार नाही. "पण आता वाळवायची कशी? बाहेर ऊन..."

"उनात काहून ठेवता? पापडावानी वाकडी होईन. माह्या खोलीत द्या. तिथल्या हवेनं माणसाचे ओठ फुटते, ह्याची ओल काय टिकते!"

मोठ्या मशीनच्या खोलीत. एसीनं गार झालेली आणि कोरडी हवा. इंजिनिअर मान हलवत म्हणाले, "हो. बरोबर आहे. दोन तास तरी लागतील."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांच्यातला घाईचा माणूस एकदाचा कामी आला. मालकांना आधी कारखाना दाखवायचा, मोठं मशीन दाखवायचं, मग जेवण. छोटं मशीन जेवणानंतर.

मी आणि भाऊ खोलीत गेलो. दोन्ही फ्लॉप्या जाळीच्या एका ट्रेवर, एसीच्या वाऱ्यापासून जरा बाजूला ठेवल्या. मोठं मशीन चालूच होतं. मग मी विचारलंच.

"भाऊ, तुम्हाला ठाऊक आहे ना? ते सुरू झालं तर ही खोली बंद होईल. तुमचे दोन्ही एसी जातील."

"मी काय आंधया हाय? ठाऊक हाय मले."

"मग काहून सांगितलंत?"

ते जरा चिडलेच. "मंग काय करू? तुह्यावर आळ येऊन राहिला, अन् मी भिताडावानी उभा राहू? मशीनचं मशीन पाहून घेईन. चहा आणू काय?"

चहा आणला. प्यायलो. मी त्यांचे आभार मानले नाहीत. आमच्याकडे तसं कुणी बोलत नाही, आणि बोलले असते तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून आता इथे लिहिते आहे.

दीड वाजता मालकांसमोर मूळ फ्लॉपी घातली. लाल दिवा, खर्र खर्र, हलकं, पहिल्या दिवशीसारखं. एक मिनिट पन्नास सेकंद. इंजिनिअरनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

आता वहीतली आठव्या दिवसाची ओळ भरायची होती. बडे बाबू वाकून म्हणाले, "लिहा एक पन्नास. झालं ते झालं. कशाला वाढवायचं?" मला वाटतं, ते चांगल्या मनानंच म्हणाले. सकाळच्या बोलण्याची त्यांना टोचणी लागली असावी. पण वही माझी होती. मी लिहिलं: "सकाळी नऊ वाजता सुरू झाले नाही. कारण, फ्लॉप्या मी आठ दिवस कूलरसमोर उघड्या ठेवल्या, त्यांना ओल लागली. एसीच्या खोलीत चार तास वाळवल्यावर १ मि. ५० से." मोठ्या मशीनचा रकाना शेजारीच होता: "५२ मि."

मालकांनी वही मागवली. ते हिंदीत बोलत. पानावर बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

"ये किसने लिखा?"

"मैंने."

"अपनी गलती खुद लिखी?"

"गलती मेरी थी तो और किसकी लिखती?"

ते हसले नाहीत. त्यांनी पान पुन्हा वरपासून वाचलं, एक पन्नास, एक पंचावन्न, दोन दहा, अडीच, 'आवाज जड', तीन, तीन चाळीस. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "जिसको बिगाड़ना हो वो रोज़ थोड़ा-थोड़ा बिगाड़ के लिखता नहीं।" म्हणजे सकाळचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. कुणी सांगितलं हे मला अजून माहीत नाही. साहेबांचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि मला त्यांचा राग यायचा थांबला.

मग मालकांनी मलाच विचारलं, कोणतं मशीन घेऊ. प्रश्न असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. खरं उत्तर एकच होतं. मी म्हटलं, छोटं घ्या. फक्त फ्लॉप्या ठेवायला एक कोरडी खोली राखा, एसी असलेली, लहान चालेल, आणि ती सांभाळायला ज्याला ओल बोटांनी कळते असा माणूस ठेवा. नाहीतर दर उन्हाळ्यात हेच होईल, आणि पावसाळ्यात याहून वाईट.

ते "देखेंगे" म्हणाले आणि निघून गेले.

जून कसा गेला ते सांगत नाही. काम होतं, केलं. शेवटच्या आठवड्यात पाकीट आलं. दरवेळी त्यात मुदत संपल्याचं पत्र असे. मी ते बसमध्ये उघडलं नाही, घरी जाऊन, हातपाय धुऊन, सासूबाईंसमोर उघडलं. छोट्या मशीनवर नेमणूक. सहा महिने चाचणी, त्यानंतर कायम. मध्ये खंड नाही. सासूबाईंना मी मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे परवा घरी नाहीस?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग डबा भरावा लागेल," आणि भाजी बघायला आत गेल्या.

मोठं मशीन भंगारात गेलं. ते उचलायला आठ माणसं आणि एक अख्खा दिवस लागला. खोलीत प्लायवूडची भिंत घालून अर्धी हिशेबाला दिली, अर्धीत एक एसी आणि फ्लॉप्यांचं कपाट राहिलं. तिथे भाऊ राहिले. दोन पावसाळे राहिले. मग धाकट्या भावाला शेती एकट्यानं झेपेना म्हणून स्वतःहून गेले. जाताना त्यांनी मला पाकिटं चोळून ओल ओळखायला शिकवायचा प्रयत्न केला. मला जमलं नाही. मला अजूनही दोन्ही सारखीच लागतात. म्हणून मी ओल मोजायचं एक यंत्र मागवून घेतलं आणि रोज त्याचा आकडा लिहिते.

आता माझ्या टेबलावर त्यानंतरचं मशीन आहे. याच्या पोटातच डिस्क आहे, फ्लॉपी सरकवावी लागत नाही. सुरू व्हायला पंचेचाळीस सेकंद. नव्यानं लागलेल्या मुली तेवढ्यातही टेबलावर बोटं वाजवतात. मी त्यांना जुन्या गोष्टी सांगत बसत नाही. बावन्न मिनिटं बसून राहण्यात काही मोठेपण नव्हतं. तेव्हा दुसरं काही नव्हतं, इतकंच. लवकर सुरू होणारं मशीन चांगलंच. त्यानं मला सकाळचे जवळजवळ पावणेतीन तास परत दिले. मुलगी शाळेला जाताना मी आता घरी असते.

कारण नव्या कामासाठी मला पहाटेची बस नव्हती. साडेआठची ऑफिसची बस होती; पाळीच्या चिठ्ठ्या आता आदल्या संध्याकाळीच छापून होत. तिच्यात प्रत्येकाची जागा ठरलेली, कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही. नव्या नेमणुकीच्या पहिल्या दिवशी मी चढले आणि दांडी धरून उभी राहिले. पुढे दोन थांब्यांनंतर खिडकीजवळ बसलेल्या बडे बाबूंनी शेजारच्या जागेवरची स्वतःची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा. हिंगण्यापर्यंत उभं राहायचा विचार आहे का?"

मी बसले. त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ते मशीन आम्हालाही शिकावं लागणार म्हणतात. या वयात जमेल का हो मला?"

"जमेल. बटण दाबायचं, आणि दोन मिनिटं गप्प बसायचं."

त्यांनी विचार केला. "दाबणं जमेल," ते म्हणाले.